संघटनाबंदी
राज्याच्या सुरक्षिततेस घातक ठरविलेली संघटना शासनाने कायद्यान्वये बेकायदेशीर म्हणून घोषित करणे. भारतात तिचा पाया १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाने घातला. बंगालमधील क्रांतिकारक समित्यांविरुद्ध योजिलेले हे हत्यार सविनय कायदेभंगाच्या काळात काँग्रेस समित्यांविरुद्धही वापरले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात, महात्मा गांधींच्या हत्येनंतर, नागपूर येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी बंदी आली. ती जुलै १९४९ मध्ये उठली.

मुंबईच्या क्रॉसरोड्स साप्ताहिकास मद्रास राज्यात केलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये रद्द ठरविली. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या कारणांत सार्वजनिक सुव्यवस्थेची भर घातली. मात्र निर्बंध वाजवी असावेत, अशी अटही घातली. व्ही. जी. रो खटल्यात (१९५२) न्यायालयाने केवळ शासनाच्या समजुतीवर आधारलेली, न्यायिक छाननीविना केलेली संघटनाबंदी घटनाबाह्य मानली. म्हणूनच १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात अशा बंदीच्या पुष्टीसाठी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे न्यायाधिकरण नेमण्याची तरतूद आली. बंदी घातलेल्या संघटनेचे केवळ सदस्यत्व हा गुन्हा नव्हे, हे २०११ चे मत न्यायालयाने २०२३ मध्ये अमान्य केले. विचार आणि कृती यांतील सीमारेषा कोणी आखावी, हाच या इतिहासातील मूलभूत प्रश्न होय.