कॉम्प्युटरला जागं कोण करतं?

गेल्या शनिवारी सकाळी एका मित्राचा फोन आला. जुना लॅपटॉप विकायचा म्हणून त्याने डिस्क इरेज केली होती. सगळी, अगदी साफ. आता लॅपटॉप सुरूच होईना. "अरे, मी माझा डेटा पुसला, मशीन कुठे पुसलं?" तो वैतागून विचारत होता.

प्रश्न वाटतो तेवढा बावळट नाही. पंचाहत्तर वर्षं लोक याच प्रश्नाशी झगडतायत, आणि मी स्वतः पहिल्यांदा त्याच्याशी झगडलो तो माझ्या मामाच्या डीटीपीच्या दुकानात. म्हटलं चला, या वीकेंडचा विषय मिळाला.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. मामाचं दुकान नारायण पेठेत, दहा बाय बाराचं. लग्नसराई जोरात होती, त्यामुळे पत्रिकांचा ढीग पडलेला. सकाळी मामाने मशीन चालू केलं, नेहमीसारखं विंडोज ९८ आलं आणि काही मिनिटांत सगळं फ्रीझ. रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं: डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क अँड प्रेस एंटर. दोन दुकानं सोडून एक सायबर कॅफे होता, तिथल्या एका मशीनवर तर एवढंही येईना. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, स्क्रीन ठार काळी.

हार्डवेअरवाला पोरगा आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "काका, व्हायरस आहे. फॉरमॅट मारावा लागेल."

पत्रिकांचं मामाला काही वाटलं नाही, त्या परत करता आल्या असत्या. पण त्या डिस्कवर एका गुरुजींचं पुस्तक होतं. त्यांच्या गावाच्या आणि शाळेच्या आठवणी, तीनशेच्या आसपास पानं, पेजमेकरमध्ये लावलेली. गुरुजी जानेवारीत गेले होते. शेवटच्या दुरुस्त्या त्यांनी मामाच्या शेजारी स्टुलावर बसून तोंडी सांगितल्या होत्या. कागदावर त्या कुठेच नव्हत्या. बॅकअपच्या फ्लॉप्या होत्या, पण त्यातल्या दोन वाचल्याच जाईनात.

"मामा, थांब. आत्ता काही करू नकोस," मी म्हणालो. खरं सांगतो, तेव्हा मला काही कळत होतं अशातला भाग नव्हता. फक्त "फॉरमॅट" हा शब्द ऐकून पोटात गोळा आला होता.

मशीन का उठत नव्हतं हे कळायला जरा मागे जावं लागेल.

कॉम्प्युटरला फक्त मेमरीत असलेला प्रोग्रॅम चालवता येतो. पण वीज नुकतीच आली असेल तर मेमरी रिकामी. प्रोग्रॅम डिस्कवर आहे, आणि डिस्कवरून वाचायलाही प्रोग्रॅमच लागतो! म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे कोडं पहिल्या पिढीपासून आहे. केंब्रिजच्या एडसॅक मशीनने १९४९च्या मे महिन्यात पहिला प्रोग्रॅम चालवला. त्यात सुरुवातीच्या सूचना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर तारांनी जोडून ठेवल्या होत्या. डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या, मोजून ३१ सूचना. बटण दाबलं की त्या मेमरीत जायच्या आणि कागदी पट्टीवरचा खरा प्रोग्रॅम आत ओढायच्या. आयबीएमच्या ७०१ला (१९५२) 'लोड' असं एक बटण होतं. ते दाबलं की पंच कार्ड, टेप किंवा ड्रमवरचा पहिला शब्द आत यायचा, तो पुढचे शब्द आणायचा आणि मग गाडी सुरू. स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलणं, या अर्थाने त्याला 'बूटस्ट्रॅप' म्हणू लागले. त्याचंच आपलं रोजचं 'बूट' झालं.

पण नीट पाहिलं तर हे नाव फसवं आहे. कुणीच स्वतःला उचलत नव्हतं. कुणीतरी आधी तारा जोडल्या होत्या, कुणीतरी कार्ड लावलं होतं.

१९७५च्या अल्टेअर ८८००ची गोष्ट तर भारीच आहे. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी त्यासाठी बेसिक लिहिलं, आणि ते दाखवायला अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरायला लागलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कागदी पट्टीवरून बेसिक मेमरीत आणणारा लोडर लिहायचाच राहिलाय! तो त्यांनी विमानातच कागदावर खरडला. मग अल्टेअरच्या पुढच्या पॅनेलवरचे स्विच एकेक वरखाली करून हाताने आत घातला. मशीनने पट्टी वाचली, दोन अधिक दोन विचारल्यावर चार सांगितले, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. :)

रोज असे स्विच कोण खटखटवणार? म्हणून तो छोटा प्रोग्रॅम रॉम चिपमध्ये कायमचा बसवू लागले. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये बायॉस होतं ते असं. गंमत म्हणजे त्या पीसीला डिस्क नसली तरी तो अडायचा नाही, रॉममधलं बेसिक सुरू करून बसायचा. हार्डडिस्क आल्यावर, १९८३च्या डॉस २.० पासून, आणखी एक पायरी वाढली. बायॉस डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचतो, ५१२ बाइट. त्यात एक चिमुकला प्रोग्रॅम आणि डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याचा तक्ता. शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली सही नसेल, तर बायॉस म्हणतं इथून बूट होता येत नाही. मामाच्या स्क्रीनवर आलं होतं ते हेच.

आणि त्या कॅफेतलं काळं ठार मशीन? तिथे गुन्हेगार होती एक सोय. रॉमवरचं लिहिलेलं बदलता येत नाही, त्यामुळे बायॉस सुधारायचं तर चिपच बदला. यावर तोडगा म्हणून नव्वदच्या दशकात मदरबोर्डवर फ्लॅश मेमरी आली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी १९८४मध्ये जगापुढे मांडली होती. मोठा तुकडा एका झटक्यात पुसला जातो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा, म्हणून ते नाव. आता बायॉस घरबसल्या अपडेट करता येऊ लागलं. पण जे तुम्हाला लिहिता येतं, ते दुसऱ्यालाही लिहिता येतं.

तैवानमधल्या चेन इंग-हाऊ नावाच्या विद्यार्थ्याने १९९८मध्ये लिहिलेला सीआयएच व्हायरस नेमका इथे घुसला. नाव त्याच्याच आद्याक्षरांवरून. आकार जेमतेम एक किलोबाइट. विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये ज्या मोकळ्या फटी असतात त्यात तुकडे करून बसायचा, त्यामुळे फाइलचा आकारही वाढायचा नाही. सर्वात पसरलेला प्रकार २६ एप्रिलला जागा व्हायचा. चेर्नोबिलचा अपघात १९८६च्या त्याच तारखेचा, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. जागा झाला की दोन कामं करायचा: डिस्कच्या सुरुवातीच्या साधारण एक मेगाबाइटवर शून्यं भरायची, आणि मग बायॉसच्या फ्लॅश चिपवर कचरा लिहायचा प्रयत्न करायचा. दुसरं काम काहीच मदरबोर्डवर जमायचं. कॅफेवाल्याच्या एका मशीनवर जमलं होतं, मामाच्या नाही. १९९९मध्ये दक्षिण कोरिया आणि तुर्कस्तानात याने हाहाकार उडवला. जिथे पायरेटेड सीडी जास्त फिरायच्या तिथे हा जास्त. मामाच्या दुकानात तो कुठून आला असेल हे मी सांगायला नकोच.

आता मुद्द्याची गोष्ट. चार हजार मेगाबाइटच्या डिस्कमधला एक मेगाबाइट गेला. मग उरलेलं?

फाइल डिस्कवर सलग असेलच असं नाही, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत याची यादी वेगळी ठेवलेली असते. तिला फॅट म्हणतात, आणि सावधगिरी म्हणून तिच्या दोन प्रती एकामागोमाग असतात. मामाची डिस्क ४.३ जीबीची, फॅट३२ पद्धतीची. चार किलोबाइटचा एक तुकडा धरला तर साधारण साडेदहा लाख तुकडे, प्रत्येकाला यादीत चार बाइट. म्हणजे यादीची एक प्रत चार मेगाबाइटच्या वर. व्हायरसने पुसला एक! पहिल्या प्रतीचा जेमतेम चौथा भाग गेला, आणि दुसरी प्रत अख्खी शाबूत. पुस्तकंही जागच्या जागी. जुन्या फॅट१६ची डिस्क असती तर दोन्ही प्रती आणि मुख्य डिरेक्टरीसुद्धा त्या एका मेगाबाइटात संपली असती.

आणि फॉरमॅट मारला असता तर? फॉरमॅट यादीच्या दोन्ही प्रती कोऱ्या करतो. व्हायरसने जे वाचवलं होतं, ते आम्ही स्वतःच्या हाताने घालवलं असतं.

हे गणित मला तेव्हा एका सीनियरने कॉलेजच्या कँटीनमध्ये वहीच्या पाठीमागे मांडून दाखवलं. त्या सुमारास स्टीव्ह गिब्सन यांनी फिक्स-सीआयएच नावाचं एक छोटंसं फुकट टूल काढलं होतं, ते नेमकं हेच करायचं. शाबूत प्रत शोधायची, तिच्यावरून पहिली भरायची, तक्ता नव्याने लिहायचा. सीनियरच्या स्वच्छ मशीनवर बूट फ्लॉपी बनवली, टूल त्यात टाकलं, फ्लॉपीची खिडकी उघडी करून तिच्यावर लिहिणं बंद केलं आणि दुकानात गेलो. मामा काही बोलला नाही. फक्त स्टूल पुढे सरकवलं, तेच गुरुजींचं. काही मिनिटांनी डायरेक्टरीची यादी स्क्रीनवर आली तेव्हा त्याने फाइलचं नाव माझ्याआधी वाचलं. पुस्तक त्या दिवाळीत निघालं.

कॅफेवाल्याचं मशीनही उठलं, जरा जास्त धाडसाने. तसाच मदरबोर्ड असलेलं दुसरं मशीन चालू करायचं, ते चालू असतानाच त्याची बायॉस चिप अलगद उपसायची, मेलेली चिप त्या जागी बसवायची आणि बायॉस पुन्हा लिहायचं. लोक खरंच असं करायचे. हात थरथरला की दोन्ही मशीन गेली!

पुढे या अनुभवातून काय बदललं? काही मदरबोर्डवर बायॉसच्या दोन चिप येऊ लागल्या. आजच्या जीपीटी पद्धतीत डिस्कच्या तक्त्याची एक प्रत सुरुवातीला आणि दुसरी थेट डिस्कच्या शेवटी असते, म्हणजे एकाच घावात दोन्ही जात नाहीत. पण मूळ कोडं तिथेच आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये अ‍ॅपलचे एम१ चिपवाले मॅक आले, तेव्हा काहींनी ते घेतल्या घेतल्या इरेज केले आणि सिस्टम पुन्हा बसेनाच. त्यावर अ‍ॅपलने सुचवलेल्या उपायांपैकी एक होता: दुसरा मॅक आणा आणि यूएसबी-सी केबलने जोडा. चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम पुसता येत नाही, तो केबलच्या दुसऱ्या टोकाकडून मदतीची वाट बघत बसतो. एडसॅकच्या ३१ सूचनांचाच वंशज.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मामाचं नशीब आज चालेलच असं नाही. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क एन्क्रिप्टेड असते आणि इरेज म्हणजे तिची किल्लीच फेकून देणं. मशीन उठवता येतं, डेटा नाही. बॅकअप घ्या, आणि वाचला जातोय का तेही बघा.

असो. मित्राला म्हटलं, ये घेऊन. माझ्या लॅपटॉपवर बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवला, त्याच्या लॅपटॉपला लावला, अर्ध्या तासात सिस्टम चढली. "म्हणजे तुझ्या मशीनने माझं मशीन उठवलं," तो म्हणाला.

हो. आणि माझं कुणीतरी उठवलं होतं, त्याआधी त्याचं कुणीतरी. मागे मागे जात राहिलात तर शेवटी एक माणूस लागतो, स्विच खटखटवणारा.