मजुरी तिकडे, लेकरं इकडे

दिवाळी सरली की पुसद, उमरखेड, महागावकडची माणसं मुकादमाची उचल फेडायला ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. शाळेतली लेकरं आजीजवळ राहतात. एका बैठकीत मला विचारलं गेलं, जे लेकरू फडावर आलंच नाही त्याचा भार कारखान्यानं का उचलावा?

प्रश्न जुनाच आहे. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारचा, हे त्यांनी मान्य केलं; पण बाईच्या श्रमातून नफा घेणारा मालकही त्यातून सुटत नाही, असं बजावलं. 1929 मध्ये कायदा झाला.

पुढे 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं कंत्राटदारावर विस्थापन भत्ता बसवला, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा. घर सोडण्यालाही किंमत असते, हे निदान कागदावर आलं. पण बेळगावला गेलात तर स्थलांतरित, कोल्हापूरला गेलात तर नाही! आणि 2020 च्या संहितेत तो भत्ताच उरला नाही.

ऑस्ट्रियानं 2019 पासून युरोपीय संघातल्या परदेशी कामगारांच्या मायदेशी राहणाऱ्या मुलांचा भत्ता तिथल्या स्वस्ताईप्रमाणे कापला. जून 2022 मध्ये युरोपीय न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. कामगार कर तर तेवढाच भरतो ना?

आपलं लेकरू तर याच राज्यात आहे. कारखाने तोडणी-वाहतुकीचा खर्च पैशापैशानं मांडतात. आजीच्या चुलीचा खर्चही त्यांनी आपल्या खात्यावर मांडावा.