अद्भुतकथा आणि मराठी वाचक : ‘मंजुघोषा’ ते ‘हॅरी पॉटर’

प्रस्तावना :
जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ या कादंबरीमालेचा पहिला भाग २६ जून १९९७ रोजी, तर सातवा भाग २१ जुलै २००७ रोजी प्रकाशित झाला. या दशकात कुमारवयीन वाचकांनी ही माला अक्षरशः डोक्यावर घेतली. त्याच वेळी अनेक पालक, शिक्षक व समीक्षक यांनी तिच्याविषयी शंका व्यक्त केल्या. हा संमिश्र प्रतिसाद परकीय पुस्तकापुरता मर्यादित मानणे योग्य ठरणार नाही. तरुण वाचकाने अद्भुतकथा वाचावी काय, हा प्रश्न मराठी वाङ्मयात दीडशेहून अधिक वर्षे चर्चिला गेला आहे. त्या इतिहासाच्या आधारे या प्रतिसादाचे स्वरूप तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. अद्भुत कादंबरी आणि तिची चिकित्सा :
लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची परंपरा रुजविली. रिसबूड यांनी आपल्या प्रस्तावनेत या प्रकाराचे समर्थनही केले आहे. आपल्या समाजातील विवाहपद्धती व नित्याचे जीवन यांत मनोरंजक असे फारसे घडत नाही. म्हणून वाचकाचे रंजन करावयाचे तर अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) लिहून या नव्या वाङ्मयप्रकारांची चिकित्सा केली. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ (१८९०) नंतर वास्तवदर्शन हा कादंबरीच्या श्रेष्ठतेचा निकष ठरला. सामाजिक सुधारणेच्या त्या काळात हे स्वाभाविक होते. परंतु त्यामुळे अद्भुतकथेचे स्थान दुय्यम झाले आणि तिच्यात रमणारा वाचकही अपरिपक्व समजला जाऊ लागला.

२. ग्रामीण वाचक आणि अद्भुताचा संस्कार :
समीक्षेने दुय्यम मानलेले अद्भुत लोकजीवनात मात्र टिकून राहिले. १८१९ मध्ये रचला गेलेला चाळीस अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ श्रावणात आजही घरोघरी वाचला जातो. मच्छिंद्रनाथ व गोरक्षनाथ यांची मंत्रविद्या, अस्त्रांची झुंज आणि गुरुशिष्यसंबंध यांनी तो भरलेला आहे. १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘चांदोबा’ मासिकाने विक्रम-वेताळाच्या कथा मुलांपर्यंत पोहोचविल्या. सोलापूर-तुळजापूर मार्गावरील तामलवाडीसारख्या गावात तर तुळजाभवानीच्या गोंधळातून देवीकथा कानावर पडतात. अशा परिसरात वाढलेल्या विद्यार्थ्याला मंत्राने दार उघडणे किंवा गुरूने विद्या देणे या गोष्टी अपरिचित नाहीत. मात्र पोथी श्रद्धेने वाचली जाते, तर कादंबरी कल्पित म्हणून वाचली जाते. हा भेद कुमारवाचकाला शिकविणे, हे वाङ्मयशिक्षणाचे खरे काम आहे.

३. ‘हॅरी पॉटर’वरील आक्षेप :
पाश्चात्त्य देशांत आक्षेपांचे स्वरूप दुहेरी होते. काही धार्मिक गटांनी जादूटोण्याच्या चित्रणास हरकत घेतली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २००० ते २००९ या दशकात ग्रंथालयांत सर्वाधिक हरकती याच मालेवर घेण्यात आल्या. हॅरॉल्ड ब्लूम (२०००) आणि ए. एस. बायट (२००३) यांचे आक्षेप वाङ्मयीन होते. शैली ठोकळेबाज आहे व कल्पनाविश्व उसनवारीचे आहे, अशी त्यांची टीका होती. उलट कथाकार स्टीफन किंग यांनी २००० मध्ये तिचे स्वागत केले. खुद्द चाहत्यांतही एकमत नव्हते. पाचव्या भागाचा विस्तार व सातव्या भागाचा उपसंहार यांविषयी त्यांच्यात मतभेद राहिले. २०२० पासून लिंगओळखीविषयीच्या लेखिकेच्या विधानांमुळे लेखिका व कलाकृती वेगळ्या मानाव्यात काय, हा नवा प्रश्न उपस्थित झाला.

४. ‘परीस’ : अनुवादातील सांस्कृतिक दुवा :
भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाऊसने पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आणला. हे नाव अर्थपूर्ण आहे. मूळ कथेतील दगड सोने करतो व अमरत्वाचे रसायनही देतो. मराठी परिसाला दुसरा गुण नाही. अर्थाचा हा संकोच मान्य करूनही या शब्दामुळे मराठी वाचकाला परिसा भागवताची आख्यायिका आठवते. नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत फेकून दिला, असे ती सांगते. रोलिंग यांच्या कथेतही शेवटी दगड नष्ट केला जातो आणि लोभाचा त्याग हेच मूल्य ठरते. म्हणजेच जादूच्या कथेतून केवळ चमत्काराची ओढ निर्माण होते, हा आक्षेप या ठिकाणी टिकत नाही.

निष्कर्ष :
१) ‘हॅरी पॉटर’ला मिळालेला संमिश्र प्रतिसाद मराठीतील रंजन विरुद्ध बोध या जुन्या वादाशी जुळणारा आहे.
२) वास्तववादाच्या निकषामुळे कुमारवयीन वाचकाची आवड मराठी वाङ्मयेतिहासात पुरेशी नोंदली गेली नाही.
३) अद्भुतकथेवर बंदी घालण्याऐवजी पोथी, लोककथा व कादंबरी यांचे तुलनात्मक वाचन वर्गात घडविल्यास चिकित्सक वृत्ती व वाचनाची गोडी या दोहोंचा विकास होऊ शकेल. अन्यथा वाचनाकडे आपणहून वळलेला विद्यार्थी शिक्षकाच्याच नापसंतीमुळे ग्रंथालयापासून दुरावण्याचा धोका संभवतो.