साहेबाचे पंतोजी

१८८९ साल सरता सरता विल्यम जेम्स वानलेस नावाचे चोवीस वर्षांचे डॉक्टर पत्नी मेरीसह हिंदुस्थानात उतरले आणि सांगलीत येऊन राहिले. जन्म कॅनडातल्या ऑन्टारियोचा, वैद्यकाचं शिक्षण न्यूयॉर्कचं, पदवी त्याच वर्षी हाती पडलेली. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना पाठवलं होतं. पुढे मिरजेच्या इस्पितळामुळे त्यांचं नाव कृष्णाकाठीच काय, दूर कर्नाटकापर्यंत पोचलं आणि १९२८मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पण त्या पहिल्या हिवाळ्यात समोर बसलेल्या माणसाला ‘कुठं दुखतंय?’ एवढं विचारायलाही त्यांना दुसऱ्याचं तोंड लागत होतं.

मिशनऱ्यांच्या इतिहासात शाळा, छापखाने, दवाखाने आणि धर्मांतरं यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांच्या पहिल्या आठवड्यांकडे मात्र फारसं कुणी वळून पाहत नाही. पुढे अनेक वर्षं जो माणूस शिकवणारा, औषध देणारा, उपदेश करणारा म्हणून वावरणार, तो या थोड्या काळात पूर्णपणे विद्यार्थी असतो. पाणी कुठलं प्यायचं, उन्हात कधी बाहेर पडायचं, कुणाच्या ओसरीवर चढायचं आणि कुणाच्या दाराशी थांबायचं, हे सगळं त्याला इथल्याच माणसांकडून शिकावं लागतं. सातारा आणि सांगलीच्या मुलखात ही शिकवणी जवळजवळ शंभर वर्षं चालू होती.

सुरुवात झाली ती मुंबईतून, आणि तीही चोरट्या पाहुण्यासारखी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन तरुण फेब्रुवारी १८१२मध्ये फिलाडेल्फियाहून ‘हार्मनी’ जहाजाने निघाले. ऑगस्टमध्ये ते कलकत्त्याला पोचले, तर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडायचा हुकूम दिला. कंपनीला आपल्या मुलखात धर्मोपदेशक नको होते, शिवाय त्याच सुमारास अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं होतं. दोघे कसेबसे फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे असले तरी वरून आलेला हुकूम त्यांनाही मोडता येत नव्हता. जहाजात बसवून परत पाठवलं जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असताना या दोघांनी मराठी शिकायला घेतली. एकदा तर ते गुपचूप कोचीनला निघून गेले आणि तिथून त्यांना परत आणलं गेलं. त्याच वर्षी कंपनीची सनद नव्याने मंजूर झाली, मिशनऱ्यांना दार उघडलं आणि अमेरिकन मराठी मिशन मुंबईत रुजलं.

हॉल पुढे मराठीत लिहू-बोलू लागले. वैद्यकाची थोडीफार माहिती असल्याने ते प्रवासात औषधं जवळ ठेवत. १८२६च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरताना पटकीची साथ त्यांच्या वाटेत आली. जवळची औषधं त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि त्याच रोगाने त्यांना गाठलं. त्याच वर्षी मराठी नवा करार मुंबईत छापून तयार झाला.

हवा, पाणी आणि साथी यांची ही धास्ती साताऱ्याच्या मिशनच्या जन्माशीही जोडलेली आहे. ॲलन ग्रेव्हज १८१८मध्ये मुंबईजवळ माहीमला येऊन राहिले. तब्येत ढासळली, अमेरिकेला जावं लागलं, आणि परतल्यावर त्यांनी मुक्काम केला तो महाबळेश्वरी. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी खंडाळा गावाच्या बदल्यात हे पठार इंग्रजांना देऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. गव्हर्नर माल्कम यांच्या नावाची पेठ नुकती वसत होती. ग्रेव्हज १८४३मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पत्नी मेरी यांनी मात्र डोंगरावर शाळा चालवली, आणि पतीच्या मागेही त्या कामात राहिल्या.

पुढे १८४८मध्ये साताऱ्याचं राज्य गव्हर्नर जनरल डलहौसीने खालसा केलं आणि १८४९मध्ये अमेरिकन मिशनचं ठाणं साताऱ्यात बसलं. या दोन तारखांमधलं अंतर विसरता येण्यासारखं नाही. नवा मिशनरी कितीही निर्मळ मनाने आलेला असो, नुकतंच आपलं राज्य गमावलेल्या गावकऱ्यांच्या नजरेत तो गोऱ्या सत्तेच्याच गोतातला होता. आपण इंग्रज नसून अमेरिकन आहोत हे तो सांगू शकत होता, पण अदालतवाड्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाला त्या फरकाचं काय मोल वाटणार? पहिल्या आठवड्यांत सगळ्यांत अवघड धडा असेल तर तो हाच. आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहिलं जातं, ते ओळखणं.

संस्थानांत गोष्ट थोडी निराळी होती. रॉयल गोल्ड वाइल्डर आधी अहमदनगरला होते. ते १८५२च्या अखेरीस कोल्हापूरला आले आणि तिथून दक्षिणेकडचं काम वाढलं. सांगलीत १८८४मध्ये ठाणं झालं. सांगली, मिरज, कोल्हापूर इथे जमीन हवी तर दरबाराकडे जावं लागे. सांगली-मिरजेच्या पटवर्धनांच्या राज्यात त्यांच्या परवानगीशिवाय वीटही रचता येत नव्हती, त्यामुळे इथल्या नव्या माणसाला दरबारी रीतही शिकावी लागे. कुणासमोर बसायचं, कुणासमोर उभं राहायचं, अर्ज कोणत्या भाषेत, कोणत्या कारभाऱ्यामार्फत द्यायचा, हे कुठल्याही धर्मशास्त्राच्या पाठशाळेत शिकवलं जात नव्हतं.

याच वाइल्डर घराण्यातली एक गोष्ट या सगळ्या चित्राला वेगळं वळण देते. रॉयल आणि एलायझा यांची मुलं ग्रेस आणि रॉबर्ट कोल्हापुरात जन्मली, वाढली. कुटुंब अमेरिकेला परतलं तेव्हा मुलांना परका मुलूख होता तो अमेरिकाच. १८८६मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात मिशनरी म्हणून जायची तयारी लिहून दिली. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने पुढे हजारो तरुणांना जगभर पाठवलं. त्या चळवळीचा एक मुख्य प्रवर्तक म्हणजे कोल्हापूरचा हा रॉबर्ट. ग्रेस आईबरोबर परत आल्या आणि इस्लामपूरच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी आयुष्य घालवलं. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. ज्या बोलीशी इतर नवखे झगडत, ती या बाईंच्या कानावर बाळपणापासून पडलेली होती.

बाकीच्यांना मात्र पंतोजी लागे.

मिशनचा रिवाज कडक होता. नव्या माणसाचं पहिलं वर्ष मुख्यतः भाषेचं. रोज ठरलेले तास पंडिताबरोबर बसायचं, वाचन करायचं, बोलायचं आणि मग परीक्षा द्यायची. टेबलावर मोल्सवर्थचा जाडजूड कोश असायचा. त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ची, सुमारे साठ हजार शब्दांची. तो कोशही एकट्या साहेबाने केलेला नव्हता, त्यामागे शास्त्र्यांचे कित्येक वर्षांचे कष्ट होते. व्याकरणासाठी गणपतराव नवलकरांचं पुस्तक होतं. मराठी ख्रिस्ती असलेल्या नवलकरांनी परक्या विद्यार्थ्यासाठी मराठीचं व्याकरण इंग्रजीतून नीट मांडून दिलं.

तीन लिंगं पाठ करताना इंग्रजी बोलणाऱ्याची दमछाक होई. खुर्ची ती, टेबल ते आणि पलंग तो का, याला पंतोजीकडेही नियम नसे, कान तयार होऊ द्यावा लागे. ‘ळ’ आणि ‘ण’ जिभेवर चढत नसत. ‘ट’ आणि ‘त’ यांत गोंधळ होई. पुस्तकातली बालबोध लिपी ओळखीची झाली की समोर मोडी येई. सातारा-सांगलीत पत्र, पावती, खतपत्र सगळं मोडीत, त्यामुळे छापील मराठी सफाईने वाचणारा मिशनरीही घरभाड्याच्या कागदापुढे निरक्षर ठरे. शिवाय पंतोजीची मराठी ग्रंथांची, बाजारातली वेगळी, वाळव्याच्या शेतकऱ्याची त्याहून वेगळी, आणि महार-मांगवाड्यातली आणखी वेगळी. मिशनचं काम पुढे ज्या वस्त्यांत सर्वांत जास्त रुजलं, तिथली बोली शिकवणारा ब्राह्मण पंडित मिळणं शक्यच नव्हतं. ती त्या वस्त्यांत बसूनच शिकावी लागे.

पंतोजी आणि साहेब यांच्यातलं नातं साधं नव्हतं. जातीबाहेरच्या माणसाच्या बंगल्यावर रोज जाणं म्हणजे गावात बोल लावून घेणं. शिकवणी झाली की घरी जाऊन स्नान करायचं, बंगल्यावर पाण्याला शिवायचं नाही, असे निर्बंध पाळत कित्येकांनी हे काम केलं. पगार रोख मिळे आणि तो लागतही असे. पण पैशापलीकडेही काही होतं. रोज तासन्‌तास समोरासमोर बसून एकाने दुसऱ्याच्या चुका सुधारायच्या म्हटल्यावर वाद होत, धर्मावर चर्चा होई, कधी स्नेहही जमे. मिशनच्या अहवालांत नव्या मिशनऱ्याचं नाव, गाव, येण्याची तारीख असते. त्याला बोलतं करणारा माणूस बहुधा नुसता ‘पंडित’ म्हणून येतो. इतिहासाने या मंडळींवर मोठा अन्याय केला आहे. नवलकरांसारखा एखादा पुस्तक लिहून उरला, बाकीचे पुसले गेले.

मिशनऱ्यांच्या बायकांची शिकवणी आणखी वेगळी. घर चालवायचं तर स्वयंपाकी, पाणक्या, भाजीवाली यांच्याशी पहिल्या दिवसापासून बोलावं लागे, परीक्षेची वाट पाहून चालत नसे. शिवाय वाड्याच्या माजघरात पुरुष मिशनऱ्याला पाऊल टाकता येत नसे, तिथे त्या जाऊ शकत. मेरी ग्रेव्हज यांच्यापासून ग्रेस वाइल्डर यांच्यापर्यंत अनेकींनी बायकांची मराठी बायकांकडूनच घेतली.

परक्या धर्मोपदेशकाने इथली भाषा शिकण्याच्या या परंपरेचं जुनं उदाहरण गोव्यातलं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९च्या ऑक्टोबरमध्ये तिथे उतरला. चार वर्षांनी भावाला लिहिलेल्या पत्रात तो इथल्या भाषांची मनापासून स्तुती करतो आणि १६१६मध्ये त्याचं मराठी काव्य ‘ख्रिस्तपुराण’ छापलं जातं. सातारा-सांगलीच्या अमेरिकनांपैकी कुणी तिथवर पोचलं नाही. ते व्यवहारी लोक होते, त्यांना पत्रकं, पाठ्यपुस्तकं आणि औषधाच्या सूचना लिहायच्या होत्या. साताऱ्यात हेन्री ब्रूस यांनी कोलंबियन प्रेस चालवला तो याच कामासाठी.

डॉक्टरांच्या बाबतीत तर भाषेच्या वर्षाचा नियम पाळणं जवळजवळ अशक्य होतं. गोरा डॉक्टर आला आहे एवढी बातमी पुरे. ओसरीवर ताप, जखमा, मोतीबिंदू घेऊन माणसं येऊन बसत. वानलेस यांनी सांगलीत दवाखाना उघडला आणि त्यांची खरी शाळा तिथेच भरली. दुखण्याचं वर्णन ऐकता ऐकता त्यांच्या कानावर ती मराठी पडली जी कोशात शोधून सापडली नसती. कळ, ठणका, मुरडा, हुडहुडी यांतला फरक रोगी सांगत, डॉक्टर शिकत.

मिरज हे आगगाडीचं ठाणं होतं. पुण्याहून आलेला लोहमार्ग तिथून पुढे दक्षिणेला जाई, १८९१मध्ये कोल्हापूरचा फाटाही मिरजेला जोडला गेला. सांगलीला मात्र १९०७पर्यंत रेल्वे नव्हती. दुरून येणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोठी होती. १८९२मध्ये वानलेस मिरजेला गेले. संस्थानिकांकडून जागा मिळाली, फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी पैसे दिले आणि १८९४मध्ये इस्पितळ सुरू झालं. तीनच वर्षांत तिथे वैद्यकीय शाळा निघाली. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर १९२०मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. तिथली वस्ती आजही वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते.

लोकांनी औषध घेतलं, धर्म बहुतेकांनी घेतला नाही. मिशनला हे बोचत असणार, पण इथल्या माणसाने आपला निवाडा स्वतः केला, हे मान्य करायला हवं. ज्यांनी धर्म घेतला त्यांच्या भक्तीची भाषा अनेक वर्षं पंतोजीच्या शिकवणीतून आलेल्या अवघडलेल्या मराठीत अडकून होती. परदेशी चालींत बसवलेली गीतं आणि शब्दशः भाषांतरं हा त्याचा परिणाम. ही कोंडी फोडली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने भजन, अभंग, कीर्तन यांच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठीत आणली. १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परक्या मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाने चालणारी ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी गाव निवडलं ते सातारा. दोन वर्षांनी ते वारले, पण मराठी चर्चमध्ये त्यांची भजनं अजून म्हटली जातात.