राजाची सनद, प्रजासत्ताकाची घटना

मराठी वाचकाची इटलीशी ओळख झाली ती मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्या नावांनी. सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि एका पिढीने त्या पुस्तकातून इटलीकडे पाहिले. पण एकत्र झालेली इटली मॅझिनीच्या विचारांवर चालली नाही. तो ज्या रोमन प्रजासत्ताकाच्या त्रिकुटात होता, त्या प्रजासत्ताकाने एक उत्तम घटना तयार केली होती. ३ जुलै १८४९ रोजी ती जाहीर झाली आणि त्याच दिवशी फ्रेंच फौजा शहरात शिरल्या. ज्या कागदावर इटलीचे राज्य पुढे जवळजवळ शंभर वर्षे चालले, तो कागद एका राजाने दिलेला होता.

सार्डिनियाच्या राज्याचा राजा कार्लो आल्बेर्तो याने ४ मार्च १८४८ रोजी तुरिन येथे ही सनद दिली. ‘स्तातूतो आल्बेर्तिनो’ हे तिचे नाव. मी ‘सनद’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण ती लोकप्रतिनिधींनी घडवली नव्हती. क्रांतीच्या वाऱ्याने धास्तावलेल्या राजाने ती बहाल केली. त्या वर्षी इटलीतल्या इतर राजांनीही अशा सनदा दिल्या होत्या, पण वारे फिरताच त्या गुंडाळल्या. तुरिनची टिकली, आणि देशाचे पुढारीपण त्या छोट्या राज्याकडे जाण्याचे ते एक मोठे कारण ठरले. १८६१ मध्ये इटलीचे राज्य जाहीर झाले तेव्हा नवी घटनासमिती बोलावण्यात आली नाही. तीच ८४ कलमांची सनद साऱ्या देशाला लागू झाली.

सनदेच्या प्रस्तावनेत राजाने तिला शाश्वत आणि अपरिवर्तनीय कायदा म्हटले होते. पण ती बदलायची झाल्यास कशी बदलावी, हे तिच्यात कुठेच लिहिलेले नव्हते. अपरिवर्तनीय गोष्टीच्या दुरुस्तीची रीत कोण लिहील? परिणाम मात्र उलटा झाला. रीतच नाही म्हटल्यावर संसदेचा कोणताही साधा कायदा सनदेला बाजूला सारू शकतो, असा अर्थ रूढ झाला. राज्याची निळी फीत हेच एकमेव राष्ट्रीय चिन्ह असेल, असे ७७वे कलम सांगत होते. सनद निघून तीन आठवडे होतात न होतात तोच राजाचे सैन्य तिरंगा घेऊन लढायला निघाले. तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही, आणि वाटायचे कारणही नव्हते. राज्यशास्त्राची पुस्तके या प्रकाराला लवचीक घटना म्हणतात. लवचीकपणाचा फायदाही झाला. सनदेनुसार मंत्री राजाचे होते, पण काव्हूरच्या काळापासून मंत्रिमंडळाला कनिष्ठ सभागृहाचा विश्वास हवा, असा प्रघात पडत गेला. हा प्रघात कुठे लिहिलेला नव्हता.

जे लिहिलेले नव्हते ते १९२२ मध्ये कामी आले नाही. २८ ऑक्टोबरला मुसोलिनीचे काळे डगलेवाले रोमकडे निघाले. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार ठेवला. राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही नाकारली आणि मुसोलिनीला सरकार बनवायला बोलावले. सनदेचे एकही कलम त्यात मोडले नाही. मंत्री नेमणे हा राजाचाच अधिकार होता.

पुढची पायरी न् पायरी संसदेच्या कायद्यांनी रचली गेली. १९२३ च्या आचेर्बो कायद्याने, सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यादीला, ती पाव हिस्सा मतांपर्यंत पोचली की, दोन तृतीयांश जागा दिल्या. १९२४ च्या निवडणुकीतील दंडेलीवर सभागृहात बोट ठेवणाऱ्या मात्तेओत्तीला काही दिवसांतच पळवून ठार मारण्यात आले. १९२५ अखेरच्या कायद्याने सरकारप्रमुख संसदेला नव्हे तर फक्त राजाला जबाबदार झाला. पुढच्या वर्षी विरोधी पक्ष संपले आणि खास न्यायालय आले. १९३८ मध्ये ज्यूंविरुद्धचे वांशिक कायदे झाले; कायद्यापुढे सारे समान असल्याचे सांगणारे सनदेचे २४वे कलम तेव्हाही छापील पानावर तसेच होते. १९३९ मध्ये तर निवडून आलेले सभागृहच रद्द झाले. सनद रद्द झाल्याचे मात्र कोणीही, कधीही जाहीर केले नाही. विनोद असा की, जुलै १९४३ मध्ये फॅसिस्ट महापरिषदेने मुसोलिनीला दूर करायचे ठरवले तेव्हा ठरावात आधार घेतला तो याच सनदेच्या पाचव्या कलमाचा.

२ जून १९४६ रोजी इटालियन लोकांनी, आणि देशव्यापी मतदानात प्रथमच स्त्रियांनी, राजेशाहीविरुद्ध कौल दिला आणि घटनासमितीही निवडली. समितीत २१ स्त्रिया होत्या. आपली घटनासमिती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत बसली, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रोमच्या समितीचे काम दीड वर्षात उरकले आणि १ जानेवारी १९४८ पासून नवी घटना अमलात आली. धडा नीट शिकलेला होता. १३८व्या कलमाने दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा मतदान घातले, तर १३९व्याने प्रजासत्ताकाचे रूप दुरुस्तीच्या कक्षेबाहेरच ठेवले. घटना परिदृढ झाली. शिवाय कायदे तपासायला पंधरा न्यायाधीशांचे घटना न्यायालय नेमले.

निदान कागदावर तरी नेमले. ते प्रत्यक्ष बसायला १९५६ उजाडले, आणि मला या इतिहासाचा गाभा याच आठ वर्षांत दिसतो. फेब्रुवारी १९४८ मध्येच तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने कलमांची दोन गटांत वाटणी केली: काही तात्काळ बंधनकारक, बाकीची केवळ भविष्याचा कार्यक्रम सांगणारी. आपल्याकडे मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून बजावता येणार नाहीत, हे घटनेनेच सांगितले. तिथे ही रेघ न्यायाधीशांनी मारली, आणि हे न्यायाधीश बहुतेक जुन्या राजवटीत घडलेले होते. सरकारलाही घाई नव्हती. फ्लॉरेन्सचे कायदेपंडित पिएरो कालामांद्रेई स्वतः घटनासमितीत होते. सत्ताधारी बहुमतच घटनेची अडवणूक करत आहे, असे ते उघड म्हणत. डाव्यांना हुकलेल्या क्रांतीच्या बदल्यात पुढच्या क्रांतीचे आश्वासन घटनेत मिळाले, ही त्यांची टीका आजही तिथल्या विद्यार्थ्यांना सांगितली जाते.

या काळात पोलीस कोणत्या कायद्याने चालत? १९३१ च्या, मुसोलिनीच्या. त्याच्या ११३व्या कलमानुसार भित्तिपत्रक लावायला किंवा पत्रक वाटायला पोलिसांचा परवाना लागे. नव्या घटनेचे २१वे कलम मतस्वातंत्र्य देत होते, आणि तरी परवान्याविना पत्रके वाटणाऱ्यांवर खटले भरले जात होते. असेच खटले घटना न्यायालयापुढचे पहिले प्रकरण ठरले. अध्यक्षस्थानी होते एन्रिको दे निकोला. १९४७ च्या डिसेंबरात हंगामी राष्ट्रप्रमुख म्हणून घटनेवर सही केली ती त्यांनीच. सरकारी वकिलांचे म्हणणे, घटनेपूर्वीचे कायदे तपासणे या न्यायालयाचे कामच नाही. आपल्या १३व्या कलमात जुन्या कायद्यांचा निकाल स्पष्ट लावलेला आहे. इटलीच्या घटनेत तसे वाक्य नव्हते, त्यामुळे प्रश्न खरा होता. दुसऱ्या बाजूच्या वकिलांत कालामांद्रेई होते.

जून १९५६ मध्ये निकाल क्रमांक एक आला. जुना असो वा नवा, प्रत्येक कायदा घटनेच्या कसोटीला लागेल. कलम कार्यक्रम सांगणारे असले म्हणून ती कसोटी टळत नाही. परवान्याची अट गेली. त्याच सप्टेंबरात कालामांद्रेई वारले.

याच वाटेने पुढे १९८८ मध्ये त्या न्यायालयाने म्हटले की, घटनेची काही सर्वोच्च तत्त्वे दुरुस्तीनेही पुसता येणार नाहीत. १९७३ चा केशवानंद भारती खटला माहीत असलेल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. ज्या कलमाखाली टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली, ते राजद्रोहाचे १२४-अ स्वतंत्र भारतात किती काळ राहिले, हेही आठवेल. आपल्या न्यायालयाने १९६२ मध्ये त्याचा अर्थ आक्रसला, पण कलम ठेवले.

इटलीतही १९३१ चा तो पोलीस कायदा संपूर्ण रद्द झालेला नाही. राजाज्ञा क्रमांक ७७३ या जुन्याच क्रमांकाने तो आजही लागू आहे. रद्द झालेली कलमे त्यातून गळाली आहेत आणि उरलेली पोलीस ठाण्यांत रोज वापरली जात आहेत.