क्लाउडमधील वाहतुकीला शिस्त : वर्गीकरणाचा नियम एपीआयद्वारे कसा जोडतात?

एका रुग्णालयातील डॉक्टर दूरच्या केंद्रातील रुग्णाशी व्हिडिओवरून बोलत आहेत. त्याच वेळी रुग्णालयाच्या क्ष-किरण प्रतिमांच्या प्रती क्लाउडमधून परत आणल्या जात आहेत. दोन्ही कामे एकाच जोडवाहिनीवर चालू आहेत. वाहिनीत जागा आहे तोवर कोणाचेच अडत नाही. ती भरली, की मात्र आधी कोणाला सोडायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवणे भाग पडते. पूर्वी हा निर्णय कार्यालयाच्या सर्व्हर-खोलीतील राउटरवर बसून घेतला जाई. आता तो क्लाउडच्या नेटवर्क धोरणात एका छोट्या नियमाच्या रूपाने लिहिला जातो आणि तो नियम एपीआय या प्रोग्रामिंगच्या मार्गाने काही क्षणांत शेकडो सर्व्हरना लागू होतो. काम सोपे झाले आहे; त्यामुळेच ते चुकल्यास होणारे नुकसानही मोठे झाले आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली. त्यानंतर बँका, रुग्णालये आणि कारखाने यांची बरीच कामे स्वतःच्या इमारतीतून या केंद्रांकडे गेली. त्यामुळे वाहतुकीच्या वर्गीकरणाचा विषय आता केवळ दूरसंचार कंपन्यांच्या अभियंत्यांपुरता राहिलेला नाही.

वर्गीकरण म्हणजे काय?

इंटरनेटवरील कोणतीही माहिती लहान लहान पॅकेटांत विभागून पाठवली जाते. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर ते कोठून निघाले, कोठे जाणार आहे, याची नोंद असते. टपाल खात्याच्या वर्गणी-टेबलावरील कर्मचारी पाकीट न फोडता केवळ वरचा पत्ता पाहून ते योग्य खणात टाकतो. वर्गीकरणाचा नियम हेच काम करतो. पॅकेटचा उगम, गंतव्य, प्रोटोकॉल आणि पोर्ट क्रमांक पाहून ते कोणत्या वर्गात बसते हे तो ठरवतो आणि त्यावर त्या वर्गाची खूण करतो. पुढच्या मार्गावरील यंत्रे ती खूण पाहून पॅकेटला योग्य रांगेत उभे करतात.

येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. फायरवॉलचा नियम पॅकेटला आत सोडायचे की अडवायचे, हे ठरवतो. वर्गीकरणाचा नियम कोणालाही अडवत नाही. तो केवळ क्रम ठरवतो. त्याचा परिणामही वाहिनीत कोंडी झाल्यावरच दिसतो. एरवी नियम बरोबर असो वा चूक, वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही.

सहा बिटांची खूण

ही खूण करण्याची जागा नवी नाही. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या आयपी प्रोटोकॉलच्या मानकातच पॅकेटच्या माथ्यावरील आठ बिट सेवेच्या प्रकारासाठी राखून ठेवले होते. डिसेंबर १९९८ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने त्या जागेचा अर्थ नव्याने ठरवला. त्यातील पहिले सहा बिट 'डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस कोड पॉइंट', म्हणजेच डीएससीपी, या खुणेसाठी देण्यात आले. उरलेले दोन बिट २००१ पासून कोंडीची सूचना देण्यासाठी वापरले जातात.

सहा बिटांत ० ते ६३ अशी ६४ मूल्ये बसतात. ० म्हणजे सर्वसाधारण वाहतूक. ४६ हे मूल्य विलंब मुळीच न चालणाऱ्या वाहतुकीसाठी, विशेषतः दूरध्वनीवरील आवाजासाठी वापरले जाते. मायक्रोसॉफ्ट आपल्या टीम्स या सेवेसाठी आवाजाला ४६, व्हिडिओला ३४ आणि पडद्यावरील मजकुराच्या देवाणघेवाणीला १८ हे मूल्य सुचवते. २०१९ मध्ये १ हे मूल्य अगदी शेवटी गेले तरी चालेल अशा वाहतुकीसाठी निश्चित करण्यात आले. रात्रीचा बॅकअप हे त्याचे ठळक उदाहरण.

आवाजाला हा मान का, हे आकड्यांतून स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सुरळीत वाटते. बॅकअपला मात्र दहा मिनिटे उशीर झाला तरी कोणाचे बिघडत नाही. शिवाय आवाजाला जागा फार लागत नाही. जुन्या व सर्वपरिचित जी.७११ पद्धतीच्या एका संभाषणाला प्रत्येक दिशेने सुमारे ८० किलोबिट प्रतिसेकंद लागतात. अशी एक हजार संभाषणे एकाच वेळी चालली तरी १० गिगाबिटच्या वाहिनीचा एक टक्काही भरत नाही. थोड्या जागेला अग्रक्रम देऊन मोठी सोय साधणे, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

नियमाची रचना

क्लाउडमधील नेटवर्क धोरण म्हणजे क्रमाने लावलेल्या नियमांची यादी. प्रत्येक नियमाचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिला भाग प्राधान्य क्रमांकाचा. बहुतेक सेवांत लहान क्रमांकाचा नियम आधी तपासला जातो आणि पॅकेट ज्या नियमात प्रथम बसते तेथेच शोध थांबतो. दुसरा भाग जुळणीच्या अटींचा : पत्त्यांचा पट्टा, प्रोटोकॉल, पोर्ट आणि नियम कोणत्या सर्व्हरना लागू आहे ते. तिसरा भाग कृतीचा : कोणता वर्ग द्यायचा आणि कोणती खूण करायची.

केवळ पोर्टवर विसंबून राहण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. वेबची बहुतेक सारी वाहतूक कूटबद्ध स्वरूपात ४४३ या एकाच पोर्टवरून जाते. व्हिडिओ बैठक, बँकेचा व्यवहार आणि चित्रपट बाहेरून सारखेच दिसतात. म्हणून क्लाउडमध्ये सर्व्हरला दिलेली ओळख, उदाहरणार्थ त्याचा टॅग किंवा सेवा-खाते, हा जुळणीचा अधिक भरवशाचा आधार ठरतो.

एपीआयद्वारे नियम जोडताना

नियम जोडण्याची विनंती म्हणजे धोरणाच्या पत्त्यावर पाठवलेला एक संदेश. त्यात वरील तीन भाग जेसन या मजकूर-स्वरूपात लिहिलेले असतात आणि पाठवणाऱ्याची ओळख पटवणारे टोकन सोबत असते. विनंती लिहिणे हे काही मिनिटांचे काम आहे. तिच्या आधीची आणि नंतरची कामे अधिक महत्त्वाची आहेत.

पहिले काम, सध्याचे धोरण वाचून घेणे. कोणते प्राधान्य क्रमांक वापरात आहेत, हे पाहिल्याशिवाय नवा क्रमांक निवडू नये. क्रमांकांत १००-१०० चे अंतर ठेवण्याची जुनी रीत आजही उपयोगी पडते. पुढे मधे नियम घालायचा झाल्यास सगळी यादी हलवावी लागत नाही.

दुसरे काम, एकाच वेळी दोघांनी बदल करण्याचा धोका टाळणे. काही सेवा धोरणाच्या प्रत्येक आवृत्तीला एक ठसा देतात. बदल पाठवताना आपण वाचलेल्या आवृत्तीचा ठसा सोबत द्यायचा असतो. मधल्या काळात दुसऱ्या कोणी बदल केला असेल तर विनंती नाकारली जाते. असा नकार आला की धोरण पुन्हा वाचून मगच विनंती नव्याने करावी.

तिसरे काम, विनंतीला स्वतंत्र ओळख-क्रमांक देणे. जोडणी मधेच तुटली तर नियम लागला की नाही, हे पाठवणाऱ्याला कळत नाही आणि तो तीच विनंती पुन्हा पाठवतो. ओळख-क्रमांकाची सोय असलेली सेवा दुसरी विनंती पहिलीचीच पुनरावृत्ती आहे हे ओळखते आणि नियम दोनदा लावत नाही.

चौथे काम, उत्तराचा अर्थ नीट लावणे. येथे नवख्यांची फसगत होते. अनेक सेवांत लगेच येणारे उत्तर 'काम स्वीकारले' एवढेच सांगते; 'काम झाले' असे नव्हे. कामाची स्थिती पुन्हा पुन्हा विचारावी लागते. 'पूर्ण' अशी स्थिती आल्यावरही सोबत त्रुटीची नोंद नाही ना, हे तपासावे लागते. त्यानंतर धोरण पुन्हा वाचावे आणि एखादे पॅकेट प्रत्यक्ष पकडून त्यावर अपेक्षित खूण आहे का, हे पाहावे.

क्रम चुकला तर

समजा, एका संस्थेच्या धोरणात १००० क्रमांकाचा नियम १०.२०.०.०/१६ या पट्ट्यातील सर्व वाहतुकीला शेवटचा वर्ग देतो, कारण त्या पट्ट्यात प्रामुख्याने बॅकअपचे सर्व्हर आहेत. पुढे याच पट्ट्यातील १०.२०.५.०/२४ या भागात दूरध्वनीची यंत्रणा आली आणि तिला पहिला वर्ग देणारा नियम २००० क्रमांकाने जोडला गेला. एपीआय हा नियम विनातक्रार स्वीकारील, कारण त्यात व्याकरणाची चूक नाही. मात्र पहिल्या पट्ट्यातील ६५,५३६ पत्त्यांत दुसऱ्या भागातील २५६ पत्ते आधीच येतात. दूरध्वनीचे प्रत्येक पॅकेट १००० क्रमांकाच्या नियमातच अडकेल आणि बॅकअपच्या रांगेत जाऊन बसेल. ही चूक कोंडीच्या दिवशीच, म्हणजे दूरध्वनीची सर्वाधिक गरज असताना उघडी पडेल. यावर उपाय साधा आहे : अधिक नेमक्या नियमाला लहान क्रमांक द्यावा आणि प्रत्येक नियमात प्रत्यक्ष किती पॅकेटे बसली, याची मोजणी सेवेत उपलब्ध असल्यास ती पाहावी. मोजणी सतत शून्य असेल तर नियम निरुपयोगी आहे किंवा झाकला गेला आहे.

दुसरी मर्यादा दिशेची आहे. क्लाउडमधील नियम तेथून निघणाऱ्या वाहतुकीवर खूण करतो. कार्यालयातून क्लाउडकडे जाणाऱ्या वाहतुकीसाठी कार्यालयाच्या राउटरवर वेगळी तजवीज करावी लागते. शिवाय खुल्या इंटरनेटवर या खुणांचा मान राखला जाईलच असे नाही. अनेक नेटवर्के त्या पुसूनही टाकतात. म्हणून या व्यवस्थेचा खरा उपयोग खासगी जोडवाहिन्यांवर होतो.

२ जून २०१९ चा धडा

कोंडीच्या वेळी वर्गीकरण काय करू शकते, याचे मोठे उदाहरण २ जून २०१९ रोजी गूगलच्या नेटवर्कवर दिसले. कंपनीने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, एकाच विभागातील मोजक्या सर्व्हरसाठी असलेला बदल चुकून शेजारच्या अनेक विभागांतील सर्व्हरना लागू झाला. त्या विभागांची निम्म्याहून अधिक नेटवर्क क्षमता बंद पडली. उरलेल्या क्षमतेत सर्व वाहतूक मावेना. तेव्हा यंत्रणेने मोठी आणि विलंब सोसू शकणारी वाहतूक सोडून देऊन लहान, तातडीची वाहतूक चालू ठेवली. क्लाउड स्टोरेजची वाहतूक ३० टक्क्यांनी घटली, तर जीमेलच्या सक्रिय वापरकर्त्यांपैकी सुमारे एक टक्का लोकांना अडचण आली.

या घटनेची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. बिघाड अभियंत्यांच्या लवकर ध्यानात आला होता. परंतु तो दुरुस्त करण्याची साधने त्याच तुंबलेल्या नेटवर्कवर अवलंबून असल्याने कामाला विलंब झाला. यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. वर्गीकरण आधीच केलेले असेल तर आपत्तीतही महत्त्वाची कामे तग धरतात. आणि नेटवर्क सावरण्यासाठी लागणाऱ्या व्यवस्थापनाच्या वाहतुकीलाच राखीव जागा नसेल तर सावरणारे हातच बांधले जातात.

पहिला वर्ग कोणाला?

सर्वांत कठीण प्रश्न तांत्रिक नाही. प्रत्येक विभागाला आपलेच काम तातडीचे वाटते. सगळ्यांना पहिला वर्ग दिला तर तो कोणालाच दिला नाही असे होते. गूगल क्लाउडच्या खासगी जोडवाहिनीवर वाहतुकीचे सहा वर्ग आहेत आणि ते राबवण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत वरचा वर्ग नेहमीच आधी जातो. दुसरीत प्रत्येक वर्गाला वाहिनीचा ठरावीक टक्के हिस्सा मिळतो. पहिली पद्धत तातडीच्या कामाला संपूर्ण संरक्षण देते, पण वरच्या वर्गात गर्दी झाली तर खालच्यांची उपासमार होते. दुसऱ्या पद्धतीत कोणीही पूर्ण उपाशी राहत नाही. बॅकअप कायमच मागे राहिला आणि एके दिवशी मूळ माहिती नष्ट झाली, तर त्याची किंमत अडखळलेल्या संभाषणापेक्षा मोठी असते.

म्हणूनच धोरणात नियम जोडण्याचा अधिकार मोजक्या खात्यांकडे असावा, प्रत्येक बदल दुसऱ्या व्यक्तीने तपासावा आणि तो आधी चाचणीच्या नेटवर्कवर करून पाहावा. सर्व्हरने स्वतःहून केलेल्या खुणेवर विसंबू नये. एखाद्या सामान्य प्रोग्रामने आपल्या पॅकेटांवर ४६ ची खूण केली तर ती नेटवर्कच्या वेशीवरच तपासून बदलली गेली पाहिजे.

नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध

वाहतुकीत असा भेद करणे नेट न्यूट्रॅलिटीच्या विरोधात नाही का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१७ मधील त्याच्या शिफारशींना केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये मान्यता दिली. हे बंधन जनतेला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांवर आहे. एखाद्या संस्थेने स्वतःच्या खासगी वाहिनीवर, स्वतःच्याच कामांचा क्रम लावणे हा वेगळा विषय आहे.

मात्र क्रम लावण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. नियम लिहिणारा अभियंता असला, तरी कोणाला थांबवणे परवडते, हे संस्थेने शांततेच्या काळात ठरवून, लिहून ठेवायला हवे. एपीआय दिलेला क्रम निमूटपणे पाळतो. तो क्रम योग्य आहे की नाही, हे त्याला कळत नाही.