औषध मुद्दाम का बिघडवतात? एक्स्पायरी डेटमागचं विज्ञान

एप्रिल-मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, म्हणजे खामगाव, शेगाव, मलकापूरकडे पारा चाळिशी पार करतो. याच दिवसांत पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिक्कीत गोळ्यांची पाकिटं पडून असतात. त्यातल्या अनेकांवर '३० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवा' असं छापलेलं असतं. ही सूचना येते कुठून?

फोर्स्ड डिग्रेडेशन म्हणजे काय?

औषध बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत ते मुद्दाम बिघडवलं जातं. त्याचे नमुने आम्लात, अल्कलीत आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवतात. काही नमुन्यांना कडक उष्णता, तर काहींना प्रखर प्रकाश देतात. साधारण ५ ते २० टक्के औषध तुटेल इतपतच हा ताण असतो. औषध कशाने तुटतं आणि तुटून त्याचं काय बनतं, हे यातून कळतं.

ॲस्पिरिनचं उदाहरण घ्या. ओलावा लागला की त्यातून सॅलिसिलिक आणि ॲसेटिक ॲसिड तयार होतं. म्हणूनच जुन्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो.

तुटलेले भाग कसे ओळखतात?

यासाठी एचपीएलसी हे यंत्र वापरतात. ते मिश्रणातले घटक वेगवेगळे करून मोजतं. चाचणीची पद्धत कच्ची असेल, तर तुटलेला भागही औषध म्हणूनच मोजला जातो आणि खराब गोळी कागदावर चांगली ठरते. पद्धत पक्की आहे की नाही, हे मुद्दाम बिघडवलेल्या नमुन्यांवरच तपासतात.

मग एक्स्पायरी डेट कशी ठरते?

त्यासाठी वेगळ्या चाचण्या होतात. पाकिटबंद औषध ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत ६ महिने ठेवतात. शिवाय नेहमीच्या साठवणुकीच्या तापमानातही ते दीर्घकाळ तपासलं जातं. म्हणजे पाकिटावरची तारीख खरी धरायची, तर साठवणूकही त्यावर लिहिल्याप्रमाणेच हवी.

दुर्लक्ष केलं तर?

ॲसिडिटीवरच्या रॅनिटिडिनमध्ये २०१९ मध्ये एनडीएमए हा पदार्थ सापडला. त्यामुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. वेळ आणि उष्णतेसोबत त्याचं प्रमाण वाढतं, असं दिसल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे औषध तिथल्या बाजारातून काढून घ्यायला सांगितलं.

घरी काय करावं?

गोळ्या मूळ पाकिटातच, कोरड्या आणि सावलीच्या जागी ठेवाव्यात. चुलीजवळ, खिडकीत किंवा गाडीत ठेवू नयेत. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं, पण गोठू देऊ नये. औषध उन्हात राहिलं असेल, तर फार्मासिस्टला विचारावं. उपचार मात्र स्वतःहून बंद करू नयेत. गोळीचा रंग बदलला नाही म्हणून ती चांगलीच आहे, असं नसतं.